कोड्यांच्या साइटची साफसफाई, भाग ३: २१४ एरर होत्या, आता ९ उरल्यात

तर मंडळी, जुनी कोड्यांची साइट एकेक पान करत साफ करतोय त्याचा हा पुढचा हप्ता. एकूण ३८ पानं, सगळी हाताने लिहिलेली, त्यातली काही इतकी जुनी की तेव्हा डॉकटाइप (पानाचा प्रकार सांगणारी सगळ्यात वरची ओळ) कशाशी खातात हे पण मला माहीत नव्हतं, कुठूनतरी उचललेली पहिली ओळ चिकटवायची आणि पुढे जायचं. सुरुवातीला व्हॅलिडेटरने (पानाचं एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, नियमात आहे का ते तपासणारं साधन) सगळी पानं मिळून २१४ एरर काढल्या होत्या, काल रात्री ९ वर आलो.

आकड्यावर जाऊ नका पण. निम्म्याहून जास्त एरर म्हणजे चार-पाच चुकांची पिल्लावळ होती. एका पानावर ३१ होत्या, बघून हात-पाय गळाले, आणि निघालं काय, तर एका क्लासच्या (रंगरूप देण्यासाठी टॅगला लावलेलं गटनाव) नावापुढचं अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलेलं, त्यामुळे पुढचा अर्धा परिच्छेद क्लासच्या नावातच गेलेला. ते एक चिन्ह टाकलं, २ उरल्या. तेव्हापासून मी फक्त पहिली एरर वाचतो, ती मिटवतो आणि परत चेक करतो, खालची यादी बघतच नाही.

आता या वेळचा मेन किस्सा. कोड्याचं उत्तर मी पी टॅगच्या (परिच्छेदाची खूण) आत एक डिव्ह (मजकूर ठेवायचा साधा डबा) घालून त्यात ठेवायचो. पी ला करडा रंग दिलेला, पण उत्तर कायम काळंच दिसायचं, आणि उत्तर नि त्याखालची बटणांची पट्टी यांच्यात एक विचित्र मोकळी जागा यायची. कधीतरी वैतागून रंगाला इम्पॉर्टंट (बाकी नियमांवर मात करणारा शेरा) लावला, जागेला उणे मार्जिन (डब्याबाहेर सोडायची जागा) दिलं, आणि विषय संपला असं समजून झोपलो. कित्येक वर्षं तसंच चाललं होतं.

झालं होतं असं, की पी च्या आत डिव्ह चालतच नाही, यूएल (यादी) नाही, टेबल नाही. पार्सरला (ब्राउझरचा कोड वाचणारा भाग) उघड्या पी मध्ये डिव्ह दिसला की तो आपल्याला न विचारता आधी पी बंद करतो, म्हणजे माझा डिव्ह पी चं लेकरू नव्हताच, शेजारी होता, मग रंग कुठून मिळणार? आणि पुढे मी लिहिलेला क्लोजिंग पी येतो तेव्हा बंद करायला पी शिल्लकच नसतो. मला वाटायचं अशा वेळी तो टॅग सोडून देत असतील. नाही! नियम असा की तिथे एक नवा रिकामा पी तयार करायचा आणि लगेच बंद करायचा. ती मोकळी जागा म्हणजे त्या रिकाम्या पी चं मार्जिन.

हा रिकामा पी मला इन्स्पेक्टरमध्ये (ब्राउझरमधलं पानाची रचना दाखवणारं साधन) दिसायचा हो, पण मला वाटायचं कुठलीतरी स्क्रिप्ट (पानात चालणारा छोटा प्रोग्राम) आणून टाकतेय. इन्स्पेक्टर दाखवतो ते ब्राउझरने डागडुजी करून उभं केलेलं झाड, आपण लिहिलेलं नाही, आपण लिहिलेलं बघायचं तर व्ह्यू सोर्स. आता मी दोन्ही शेजारी-शेजारी उघडून ठेवतो, जिथे दोघांत फरक तिथे माझा काहीतरी गैरसमज, एवढं साधं.

उत्तरांसाठी आता डीटेल्स आणि समरी (क्लिक केलं की लपलेला मजकूर उघडणारे टॅग) वापरलंय, लपवायची-दाखवायची स्क्रिप्टच उडवून टाकली. (डीटेल्स पण पी च्या आत टाकू नका, तीच गत होते, मी करून बघितलंय.)

टेबलची गंमत वेगळी. सीएसएसमध्ये (रंगरूपाचे नियम लिहायची भाषा) टेबलचं थेट लेकरू टीआर (टेबलची ओळ) असा सिलेक्टर (नियम कुणाला लागू ते सांगणारा भाग) लिहिला होता आणि तो कधी लागलाच नाही. कारण टीबॉडी (टेबलच्या ओळींचा गट) लिहिला नाही तरी पार्सर स्वतःहून मध्ये घालतो. इथे व्हॅलिडेटर एक शब्द बोलत नाही, कारण टीबॉडी न लिहिणं चूक नाहीच. म्हणून शून्य एरर म्हणजे सगळं ठीक असं धरून चालू नका.

टॅगच्या शेवटी स्लॅश द्यायची सवय मात्र एक्सएचटीएमएलच्या (एचटीएमएलचा कडक नियमांचा अवतार, त्यात स्लॅश दिला की टॅग तिथेच बंद होतो) काळातली. २००० साली एक्सएचटीएमएल १.० आलं, त्यावरचे जुने लेख वाचून मी शिकलो, त्यामुळे हात आपोआप रिकाम्या डिव्हला पण शेवटी स्लॅश देऊन मोकळे होतात. एचटीएमएलमध्ये त्या स्लॅशला काही किंमत नाही, डिव्ह उघडाच राहतो. चार पानांवर अख्खा फूटर (पानाचा तळ) एका क्लिअर नावाच्या डिव्हच्या पोटात गेला होता. बीआर (ओळ तोडायचा टॅग) पुढचे स्लॅश ठेवलेत, त्यावर व्हॅलिडेटर फक्त माहितीवजा सूचना देतो आणि मला ते दिसायला आवडतात.

बाकी जाता जाता: चुकीच्या मार्कअपचं (टॅग लावण्याचं) काय करायचं हेही एचटीएमएलच्या स्टँडर्डमध्ये बारीकसारीक लिहून ठेवलंय, पूर्वी प्रत्येक ब्राउझर आपापल्या परीने सावरून घ्यायचा, आता सगळे सारखंच सावरतात. बी (ठळक) आणि आय (तिरपं) उलटसुलट बंद केले तर ते निस्तरणाऱ्या भागाचं नाव चक्क अडॉप्शन एजन्सी अल्गोरिदम आहे, वाचून खूप हसलो.

आणि हो, सगळ्या पानांवर लँग (पानाची भाषा सांगणारी नोंद) मध्ये इंग्रजीचा कोड होता, साच्यातून आलेला. एमआर (मराठीचा कोड) केल्यावर माझ्या फॉन्टमध्ये ल आणि श चं वळण बदललं ना राव! फॉन्टमध्ये मराठी रूपं असतील तर ती लँग बघून निवडली जातात, इतके दिवस मी हिंदी वळणाचा ल बघत होतो आणि फॉन्टला नावं ठेवत होतो.

आता उरलेल्या ९. पाच एकाच पानावर आहेत, शब्दकोड्याच्या जाळीत तेच तेच आयडी (पानावर एकदाच वापरायचं नाव) परत आलेत, आणि स्क्रिप्ट त्याच आयडींवर चालते म्हणून हात लावायची भीती वाटतेय. तीन ठिकाणी लिंकच्या आत बटण आहे, ती पुढच्या वेळी अर्ध्या तासात होतील. शेवटची एक खरी त्रासदायक, एका चित्रकोड्याला ऑल्ट (चित्र न दिसणाऱ्यासाठी लिहायचं त्याचं वर्णन) नाही. दोन चित्रांतला फरक ओळखा असं कोडं आहे, ऑल्टमध्ये चित्राचं नीट वर्णन केलं तर उत्तर फुटतं, रिकामा ऑल्ट दिला तर व्हॅलिडेटर गप्प बसेल पण रिकामा म्हणजे हे चित्र नुसतं शोभेचं आहे असं सांगणं, आणि इथे तर चित्र म्हणजेच कोडं. सध्या दोन्ही चित्रांची वर्णनं सलग वाक्यांत लिहून बघतोय, म्हणजे ऐकणाऱ्याला फरक ऐकून शोधता येईल, पण पहिलाच मसुदा इतका लांबला की ऑल्टऐवजी चित्राखाली मजकूर म्हणूनच टाकावा लागेलसं दिसतंय. कुणी असलं काही केलं असेल तर सांगा.