तुम्ही विचारलंत म्हणून : घरात काही नसताना काय करता?

"अहो, घरात काही नसताना तुम्ही एवढं सगळं करता तरी कशातून?" शेजारणी विचारतात, नणंदेची मुलगी फोनवर विचारते, परवा बँकेच्या रांगेत ओळखीच्या एका बाईंनीही विचारलं. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एखादी झटपट कृती हवी असते. ती देईनच. पण हल्ली 'घरात काही नाही' म्हणजे 'फ्रिजमध्ये भाजी नाही' एवढंच असतं. डब्यांत तांदूळ, हुलगे (म्हणजेच कुळीथ), मटकी, शेंगदाणे, चिंच, गूळ असताना घरात काही नाही असं म्हणायला माझी जीभच वळत नाही.

माझं माहेर दापोलीकडचं आणि सासर सांगलीचं. साठवण दोन्हीकडे, कारणं मात्र उलटी. कोकणात पाऊस लागला की चार महिने काही वाळत नाही, मासेमारी बंद होते, आणि पूर्वी ओढे भरले की बाजाराचा रस्ताही तुटायचा. म्हणून मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या साठवणीची, धांदल: आमसुलं, आंबापोळी, मिरगुंडं, लाल माती चोळून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या, कुळीथ, कडवे वाल, आणि मासे खाणाऱ्यांकडे सुकट नि सोडे ही वाळवलेली मासळी. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, जत-आटपाडीकडे, पाऊसच बेताचा. सासूबाई तिकडच्या. त्यांची साठवण पुढचं पीक हाताला लागेल की नाही या धास्तीतून आलेली. 1972 च्या दुष्काळातली परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावर खायला मिळणारी सुकडी त्यांना अजून आठवते. कढईला चिकटलेलं पिठलं त्या अजूनही भाकरीच्या तुकड्याने पुसून खातात, आणि आम्हीही खातो, कारण ते लागतं छान.

तर उत्तर असं, की संध्याकाळी सात वाजता 'आज काय करू' हा विचार मी करत नाही. तो माघात आणि वैशाखात करून झालेला असतो. काटकसर गॅसपाशी फार थोडी होते, खरी होते ती खरेदीत. प्रत्येक जिनसाचा एक हंगाम असतो. भुईमुगाच्या शेंगा दिवाळीच्या आसपास, तांदूळ पौषात, नवी तूर संक्रांतीनंतर, चिंच आणि लाल मिरची उन्हाळ्याच्या तोंडाशी, गहू होळीनंतर, आमसुलं मे महिन्यात. त्या-त्या वेळी घेतलं की माल ताजा आणि भाव त्यातल्या त्यात बरा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळं एकदम भरायचं आणि वर 'एकावर एक फुकट' म्हणून शेवयांची चार पाकिटं आणायची, ह्याला मी साठवण म्हणत नाही. त्या शेवया पुढच्या पावसाळ्यात अळ्या खातात.

तूरडाळीवरच सगळी भिस्त ठेवू नये, हे 2015 साली चांगलं कळलं. किलोला 200 रुपयांच्या आसपास गेली होती. त्या वर्षी आमच्याकडे आमटीत निम्मी मसूर पडली, आठवड्यातून दोनदा हुलग्याचं काहीतरी झालं, आणि पुढे डाळ उतरल्यावरही तो शिरस्ता तसाच राहिला. मसुरीची आमटी लवकर शिजते, गॅस वाचतो. चव वेगळी लागते हे खरं. पण चिंच-गूळ आणि गोडा मसाला घातल्यावर आमच्या ह्यांना काही फरक कळला नव्हता, आणि मीही सांगायला गेले नाही.

आता टिकवण्याचं. पीठ फार काळ टिकत नाही, दाणे टिकतात. बाजरीचं पीठ तर थोड्याच दिवसांत कडवट होतं, कारण बाजरीत तेलाचा अंश जास्त. म्हणून घरी धान्य ठेवायचं आणि गिरणीतून थोडं थोडं दळून आणायचं. रवा आणला त्याच दिवशी कोरडा भाजून, पूर्ण गार करून डब्यात भरायचा. भाजल्याने आत आधीपासून असलेली किडीची अंडी मरतात. गरम असताना झाकण लावलंत तर आत वाफ धरते आणि केलेली मेहनत पाण्यात. तुरीला एरंडेलाचा हात, मसाल्यात हिंगाचे खडे, धान्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या डाळीत पुरून: हे तुमच्या आजीनेही सांगितलं असेल, त्यामुळे लांबण लावत नाही. फक्त एक. नवीन माल जुन्यावर ओतू नका. जुना आधी ताटात काढा, नवीन तळाशी घाला, मग जुना वर. एवढ्याने निम्मे टोके आणि पोरकिडे कमी होतात. शिवाय डब्याच्या तळाशी काय आहे हे डोळ्यांना दिसतं. गच्च भरलेले डबे बघून मला समाधान वाटत नाही; डबा वर्षातून एकदा रिकामा होऊन धुऊन उन्हात पडला, की वाटतं.

जेवणाचं माझं गणित सरळ आहे. एक शिजलेलं, एक आंबट, एक कुरकुरीत. ही तीन पानात आली की भाजीची आठवण कुणालाच होत नाही. कुळथाचं पिठलं-भात, आमसुलाचं सार, तळलेली सांडगी मिरची. किंवा शेंगोळे, लिंबाचं लोणचं, भाजलेला पापड. किंवा मुगाची खिचडी, चिंचेचा कोळ घातलेली कारळाची चटणी, कुरडई. मेतकूट-भात-तूप हे तर मी आजाऱ्यांवर सोपवायलाच तयार नाही, धडधाकट माणसांनाही तेवढंच आवडतं.

कुळथाचं पिठलं बेसनासारखं घट्ट करायचं नसतं. तेलात भरपूर ठेचलेला लसूण, जिरं, सुकी मिरची, हळद. त्यावर तीन वाट्या पाणी, मीठ, दोन-तीन आमसुलं. पाणी कोमट असतानाच चार चमचे कुळथाचं पीठ थोड्या गार पाण्यात कालवून ओतायचं आणि उकळी येईपर्यंत डाव फिरवत राहायचं. पातळ दिसलं तरी घाबरू नका, निवताना दाटतं. वरून सुकं खोबरं भुरभुरलं तर उत्तम. अख्खे कुळीथ जुने झाले की शिजता शिजत नाहीत. तेव्हा रात्रभर भिजवा, आणि मऊ होईपर्यंत चिंच, आमसूल, टोमॅटो काहीही आंबट घालू नका. आंबटाने दाणा दडसच राहतो. कित्येक जणी कुकरला दोष देतात, तो बिचारा निर्दोष असतो.

शेंगोळे सासूबाईंचे. हुलग्याच्या पिठात मूठभर ज्वारीचं पीठ, तिखट, मीठ, वाटलेला लसूण-जिरं, घट्ट गोळा. तळहातावर करंगळीएवढ्या वळ्या वळायच्या. लसणीच्या फोडणीवर पाणी उकळत ठेवून त्यात एकेक सोडायच्या, वीस-पंचवीस मिनिटं झाकून शिजवायच्या, शेवटी दाण्याचं कूट. त्यांचं पीठ सुटून रस्सा आपोआप दाट होतो. चार माणसांना थोड्या पिठात पोटभर होतात आणि वेगळी भाकरी लागतेच असं नाही. आदल्या दिवशीची आमटी उरली असेल तर चकोल्या: आमटी पाणी घालून उकळायची, कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखी कापून आत सोडायची. सोमवारी शिळी आमटी आहे म्हटलं तर नाकं मुरडतात, मंगळवारी त्याच आमटीतल्या चकोल्यांसाठी ताट घेऊन बसतात.

"पण हिरवं काही नको का?" हा पुढचा प्रश्न. हवंच. भाजी स्वस्त असते तेव्हा आम्ही भरपूर खातो. पण जुलै-ऑगस्टमध्ये भाव चढतात, 2023 मध्ये टोमॅटोने शंभरी ओलांडली होती, तेव्हा अट्टहास कशाला? मटकी रात्री भिजवा, सकाळी उपसून फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी मोड. कोरड्या कडधान्यात 'क' जीवनसत्त्व नसल्यात जमा, मोड आल्यावर ते तयार होतं. म्हणजे ताजी भाजी डब्यातच असते, तिला फक्त पाणी आणि एक दिवस लागतो. सोबत वाळवणाच्या गवारीची भाजी करते, दाण्याचं कूट आणि गूळ घालून. ती ओल्या गवारीपेक्षा चविष्ट, असं माझं मत. घरात दोघांना मान्य नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. आमच्या दारापर्यंत ते आलं नाही, पण नदीकडच्या भागातले नातेवाईक आमच्याकडे राहायला आले. दूध नाही, भाजी नाही, आणि सिलिंडर केव्हा मिळेल याचा भरवसा नाही. चहा कोरा. डाळ-तांदूळ आधी भिजवून मगच कुकरला लावायचे, म्हणजे गॅस कमी जळतो. तेव्हा आलेल्यांपैकी एक वहिनी आजही म्हणतात, त्या दिवसांत आपण पाहुणचार झोडला. दहाएक माणसांत रोज पिठलं, खिचडी, उसळ आणि एक दिवस गोडाची खांडवी, एवढाच तो पाहुणचार. पुढच्याच वर्षी, 3 जून 2020 ला, निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोलीला भावाच्या घराची कौलं उडाली, कित्येक दिवस वीज नव्हती. फ्रीजरमधलं सगळं गेलं, माळ्यावरचं भिजलं, खाली स्टीलच्या पिंपात होतं तेवढं वाचलं. तेव्हापासून माळ्यावर फक्त भांडी ठेवायची, असा वहिनीने नियम केलाय. पण महापुरासाठी आणि वादळासाठी साठवा असं माझं सांगणं नाही. ती वेळ कधीतरी येते. महिनाअखेर दर महिन्याला येते.

आता गोडाचं, कारण खरं विचारणं त्याबद्दलच असतं. अचानक कुणाचा वाढदिवस निघाला, जावई आले, की लोक मिठाईच्या दुकानाकडे धावतात. आमच्याकडे खांडवी होते. तांदळाच्या कण्या किंवा जाडसर रवा एक वाटी, दोन चमचे तुपावर मंद आचेवर गुलाबीसर भाजायचा. दुसरीकडे दोन वाट्या पाण्यात पाऊण ते एक वाटी गूळ, चिमूटभर मीठ, किसलेलं आलं. उकळलं की रव्यावर ओता, झाकण ठेवा, मंद आचेवर दोन-तीन वाफा येऊ द्या. वेलची घाला, तूप लावलेल्या ताटात थापा, वर खोबरं. ओला नारळ असेल तर फारच छान, नसेल तर सुकं खोबरं किसून जरासं भाजून घ्या. गार झाल्यावर वड्या कापा. आलं मात्र सोडू नका. आल्याशिवाय ती नुसती गोड खळ लागते. नवा तांदूळ चिकट, म्हणून खांडवीला जुन्या तांदळाच्या कण्या बऱ्या. नवा तांदूळ ताकातल्या उकडीसाठी ठेवा.

सांगलीची खासियत खपली गव्हाची खीर. गहू रात्रभर भिजवून, जरा भरड कुटून, कुकरमध्ये अगदी मऊ करायचे. मग गूळ, भाजलेली खसखस, सुकं खोबरं आणि तासगावचे बेदाणे, जे इथे जवळच पिकतात म्हणून आमच्या डब्यात काजूंपेक्षा जास्त असतात. दूध सगळ्यात शेवटी, खीर कोमट झाल्यावर आणि ज्याच्या त्याच्या वाटीत. गुळाबरोबर दूध उकळायला ठेवलं तर फाटायची भीती, आणि अशी वेगळी ठेवलेली खीर दुसऱ्या दिवशीही चांगली राहते. शिळ्या पोळ्यांचे तूप-गूळ घालून केलेले लाडू मुलांच्या डब्यात जातात. आंबापोळीचे तुकडे गार दुधात भिजवून कुस्करले की आषाढातही आंब्याचं काहीतरी वाढता येतं; त्याला आमच्याकडे नाव नाही, "ते आंब्याचं कर ना" असं म्हणतात.

आणि दर वेळी शेवटी येणारा प्रश्न: मुलं हे सगळं मुकाट्याने खातात? थोरली खाते. धाकट्याला कुळथाचं पिठलं बिलकूल चालत नाही, वासानेच उठतो. मी त्याच्या मागे लागत नाही. त्या दिवशी त्याला दाणे घातलेले फोडणीचे पोहे मिळतात, आणि पोहे अर्थातच डब्यातले.