रीड-ओन्ली रूट आणि माउंटची खरी नोंद

रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकाची वीज केव्हा जाईल याचा नेम नसेल, तर त्याचे रूट पार्टिशन (मुख्य प्रणाली असलेला कार्डाचा भाग) रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचता येईल असे, ठेवावे असे माझे ठाम मत आहे. एसडी कार्डावर काही लिहिलेच जात नसल्यामुळे अर्धवट लिहिलेल्या फायलींचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र अशा संगणकावर कोणत्या फाइल सिस्टिम (फायली साठवण्याच्या रचना) माउंट झालेल्या, म्हणजे वापरासाठी जोडलेल्या, आहेत, हे कुठे पाहायचे ते नीट समजून घ्यावे लागते.

लिनक्समध्ये पूर्वी ही नोंद माउंट कमांड स्वतःच ईटीसी डिरेक्टरीतल्या एमटॅब या फायलीत करत असे. ईटीसी रूट पार्टिशनवरच असल्यामुळे ते रीड-ओन्ली झाले की ही फाइल जिथल्या तिथे गोठते आणि नंतर जोडलेला पेनड्राइव्ह तिच्यात येतच नाही. खरा हिशेब कर्नलपाशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापाशी, असतो. प्रॉक या कर्नलने दाखवलेल्या आभासी डिरेक्टरीतील माउंट्स ही फाइल डिस्कवर नसतेच. आपण ती वाचतो तेव्हा कर्नल तिचा मजकूर तयार करून देतो. म्हणूनच आता एमटॅब ही प्रॉकमधल्या सेल्फ या डिरेक्टरीतील माउंट्सकडे नेणारी सिमलिंक, म्हणजे नुसता दुवा, असते. हा बदल आधीच करण्यात एक अडचण होती: सामान्य वापरकर्त्याने केलेले माउंट त्यालाच काढता यावे, यासाठी त्याचे नाव एमटॅबमध्ये लिहिले जाई आणि कर्नल ते जपत नाही. आता ते रन या डिरेक्टरीतील माउंट डिरेक्टरीत, यूटॅब या फायलीत राहते. रन मेमरीत असल्यामुळे रीबूटनंतर माउंटही जातात आणि त्यांची ही नोंदही जाते, हे मला अगदी योग्य वाटते.

रीड-ओन्ली पार्टिशनची खात्री करायची असेल, तर माउंट्स ही फाइल मात्र पुरेशी नाही. 'आरओ' (रीड-ओन्ली) दोन ठिकाणी लागू होऊ शकते: एखाद्या माउंटपुरते किंवा संपूर्ण फाइल सिस्टिमला. माउंट्समध्ये यांपैकी कोणतेही एक असले तरी नुसते 'आरओ' दिसते. कर्नल 2.6.26 पासून मिळणाऱ्या, प्रॉक-सेल्फमधल्याच माउंटइन्फो या फायलीमध्ये ही दोन्ही वेगळी दिसतात: सहाव्या रकान्यात माउंटचे पर्याय आणि ओळीच्या अगदी शेवटी फाइल सिस्टिमचे. एखादी डिरेक्टरी बाइंड करून, म्हणजे दुसऱ्या जागीही दिसेल अशी जोडून, तेवढेच माउंट रीड-ओन्ली केले, तर सहाव्या रकान्यात 'आरओ' आणि शेवटी 'आरडब्ल्यू' (वाचता-लिहिता येणारे) असते; म्हणजे ही वाट बंद आहे, पण दुसऱ्या वाटेने त्याच कार्डावर लिहिता येते. वीज गेल्यावर कार्ड वाचवायचे असेल, तर पाहायचा तो शेवटचा रकाना. फाइंडमाउंट (findmnt) कमांडला व्हीएफएस-ऑप्शन्स आणि एफएस-ऑप्शन्स हे स्तंभ मागितले की दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात.

सतत लक्ष ठेवण्यासाठी दर काही सेकंदांनी फाइल वाचणारी स्क्रिप्ट लिहू नये. माउंटमध्ये बदल झाला की कर्नल स्वतः कळवतो, आणि फाइंडमाउंटचा पोल हा पर्याय ती सूचना येताच बदललेली ओळ छापतो.