गोव्यातला मुक्काम: भाड्याचे घर की हॉटेल?

दिवाळीनंतर आई-बाबांना कुलदैवताच्या दर्शनाला न्यायचे आणि मग काही दिवस समुद्राजवळ राहायचे, एवढे ठरल्यावर सर्वांत अधिक वेळ गेला तो मुक्कामाची जागा निवडण्यात. बाबांना मधुमेह आहे आणि त्यांना ठरलेल्या वेळी जेवावे लागते. आईला जिने चढवत नाहीत. मुलगी लहान असल्याने तिला मऊ भात केव्हाही करून द्यावा लागतो. या गरजा कागदावर लिहून काढल्यावरच मी हॉटेले आणि काही दिवसांसाठी भाड्याने मिळणारी घरे पाहू लागले.

हॉटेलविषयी मनात पहिली शंका आली ती रात्रीची. आम्हाला दोन खोल्या लागणार होत्या आणि त्या शेजारी-शेजारीच मिळतील याची लेखी हमी द्यायला बहुतेक ठिकाणी नकार मिळाला. बाबांची साखर पहाटे कधीकधी एकदम उतरते. अशा वेळी आई-बाबा दुसऱ्या मजल्यावर आणि आम्ही चौथ्या, ही व्यवस्था मला पटण्यासारखी नव्हती. घर घेतले, तर सर्वजण एका छपराखाली राहणार होते आणि स्वयंपाकघरही हाताशी असणार होते.

परंतु दर रात्रीच्या भाड्यावरून केलेली तुलना फसवी ठरते, हे हिशोब मांडल्यावर लक्षात आले. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर रात्री ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरील दराला १८ टक्के. आम्ही पाहिलेल्या ठिकाणी हॉटेलच्या प्रत्येक खोलीचा कर वेगळा धरला जात होता, तर संपूर्ण घर हे एकच एकक मानले जात होते. म्हणजे प्रत्येकी ४,५०० रुपयांच्या दोन खोल्यांचे करासह ९,४५० रुपये होतात, आणि ९,००० रुपयांच्या घराचे १०,६२०. त्यावर साफसफाईचे शुल्क, बुकिंग करून देणाऱ्या संकेतस्थळाचे सेवाशुल्क आणि कधी परत मिळणारी अनामतही असते. साफसफाईचे शुल्क बहुधा एकदाच घेतले जात असल्याने एका रात्रीसाठी घर महाग पडते आणि मुक्काम लांबला की तोच बोजा विभागला जातो. म्हणून मी शेवटच्या पानावरची एकूण रक्कमच वहीत उतरवत गेले.

दुसरी अडचण नकाशाची होती. भाड्याची घरे दिसत होती ती मुख्यतः किनाऱ्यालगत, कळंगुट-कांदोळीच्या किंवा बाणावली-कोलव्याच्या बाजूला. आमची देवळे मात्र आत, फोंडा तालुक्यात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीच्या छळामुळे कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला हलवली गेली, कारण अंत्रुज महाल, म्हणजे फोंड्याचा परिसर, तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्याबाहेर होता. सकाळच्या अभिषेकासाठी किनाऱ्यावरून अंधारात निघायचे, तर बाबांच्या न्याहारीची वेळ टळणार, हे उघड होते. देवस्थानाच्या अग्रशाळेत, म्हणजे भक्तनिवासात, राहण्याची आईची फार इच्छा होती, आणि धडधाकट माणसांसाठी मी आजही तोच पर्याय प्रथम सुचवीन. पण आईच्या गुडघ्यांना लिफ्ट आणि कमोड दोन्ही हवेत, म्हणून देवदर्शनाच्या दिवसांपुरते फोंड्यातले साधे हॉटेल ठरवले. त्यांनी दोन खोल्या लागून देण्याचे लेखी कळवले आणि सकाळी लवकर चहा-उपमा देण्याचेही मान्य केले. आमची गाडी, कोकणकन्या एक्सप्रेस, सकाळीच करमळीला पोहोचते आणि खोल्या दुपारी मिळणार होत्या. त्या अवधीत सामान रिसेप्शनवर ठेवून आम्ही निर्धास्त बसू शकलो. कुलूपपेटीतून किल्ली घेऊन शिरायच्या घरात ही सोय मिळाली नसती.

त्यापुढच्या दिवसांसाठी घर शोधताना प्रश्न नेमके विचारावे लागले. ‘तळमजला’ एवढ्या शब्दावर गोव्यात विसंबू नये. जुनी घरे जांभ्याच्या उंच जोत्यावर असतात आणि बाल्कांवाच्या (दारापुढच्या बसायच्या ओट्याच्या) पायऱ्या, त्याही कठड्याविना, चढूनच आत जावे लागते. म्हणून मी घरमालकांकडे फाटकापासून पलंगापर्यंत आणि तिथून न्हाणीघरापर्यंत चालत घेतलेला व्हिडिओ मागितला. ‘स्वयंपाकघर आहे’ म्हणजे गॅसची शेगडी, भरलेला सिलिंडर, कुकर आणि कढई आहे, की केवळ किटली आणि मायक्रोवेव्ह, हेही विचारले. ‘सहा जणांची सोय’ यातले दोघे बैठकीतल्या सोफ्यावर झोपणार असतात, हे फोटो मोजल्यावर कळते. वीज गेल्यास इन्व्हर्टर कशाकशाला पुरतो, कारण बाबांचे इन्सुलिन फ्रीजमध्ये असते, आणि रात्री फोन केल्यास कोण येईल, हे प्रश्न तर मी प्रत्येकाला विचारले.

नोंदणीचा प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो. पर्यटकांना घर भाड्याने देणाऱ्याने १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यानुसार गोव्याच्या पर्यटन खात्याकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. एका फ्लॅटच्या मालकाने प्रमाणपत्र दाखवण्याचे टाळले आणि सोसायटीच्या वॉचमनने विचारल्यास ‘नातेवाईक आहोत’ असे सांगा, असे सुचवले. तो फ्लॅट स्वस्त होता. मी त्याच क्षणी वगळला. मी स्वतः सोसायटीत राहते. दर आठवड्याला बदलणारी अनोळखी माणसे, रात्रीचा गोंगाट आणि टँकरच्या पाण्याची उधळण शेजाऱ्यांनी का सोसावी, याचे उत्तर माझ्याकडे नाही, आणि खोटे नाते सांगून मला कोणाच्या दारात शिरायचे नव्हते.

अखेर बाणावलीच्या बाजूला एका छोट्या वस्तीत असे घर मिळाले, ज्याच्या मालकीणबाई लागूनच राहत होत्या आणि ज्याला दोनच बेताच्या पायऱ्या होत्या. नोंदणी क्रमांक त्यांनी विचारताच पाठवला. सकाळी मडगावच्या बाजारातून इसवण (सुरमई) आणायचा, आईने त्याचे हुमण (कालवण) करायचे, सोमवारी सगळ्यांनी शिवराक (शाकाहारी) जेवायचे, असे ते दिवस आमच्या घरासारखेच गेले. एका पहाटे बाबा भिंतीला धरून उठल्याचा आवाज शेजारच्या खोलीतून मला ऐकू आला आणि साखरेचे पाणी वेळेवर देता आले. त्यानंतर त्यांना गरम भाकरी हवी होती. मालकीणबाईंनी उजाडताच पीठ आणून दिले.

परतीची कोकणकन्या मडगावहून संध्याकाळी सुटते आणि घर सकाळी अकराला रिकामे करायचे होते, कारण त्याच दुपारी दुसरे पाहुणे येणार होते. हे आधीच माहीत असल्याने मी स्टेशनजवळच्या हॉटेलात दिवसापुरती एक खोली अर्ध्या भाड्यात बोलून ठेवली होती. निघताना मालकीणबाईंसमोर सर्व खोल्यांचा व्हिडिओ काढला, गॅस बंद असल्याचे त्यांना दाखवले, आणि अनामत त्यांनी तिथेच परत केली.