मागे फिरलेले वादक

जहाज बुडण्याच्या सिनेमात माझं लक्ष नायक-नायिकेवर टिकत नाही. त्यांना काय वाटतंय ते संवाद सांगतात, उरलंसुरलं पार्श्वसंगीत सांगतं. माझी ओढ कडेच्या माणसांकडे. ती दोन-चार सेकंद दिसतात, एकमेकांकडे बघतात आणि कॅमेरा पुढे सरकतो. त्या बघण्याचा अर्थ आपण लावायचा. तोही अमळनेरात, मे महिन्यात, कूलरच्या घरघरीवर टीव्हीचा आवाज चढवून. बाहेर पंचेचाळीस अंश, पडद्यावर गोठवणारं पाणी.

‘टायटॅनिक’मधली (१९९७) तिसऱ्या वर्गाची आई घ्या. पोर विचारतं, आपण काय करतोय? ती सांगते, थांबलोय. पहिल्या वर्गाची माणसं बसली की आपला नंबर. नंतर ती दिसते तेव्हा पोरांना अंथरुणात घालून कायम तरुण राहणाऱ्यांच्या देशाची गोष्ट सांगत असते. नंबर येणार नाही हे तिला मधे कधी कळलं, ते सिनेमात नाही. मला तर वाटतं, पहिल्या वाक्यालाच तिला ठाऊक होतं.

मग ते म्हातारं जोडपं. पलंगावर बिलगून पडलेलं, खालून पाणी वाहतंय. ही दोघं खरी: इसिडोर आणि आयडा स्ट्रॉस, न्यूयॉर्कच्या ‘मेसीज’ दुकानाचे मालक. नवऱ्याला सोडून आयडाबाई होडीत बसल्या नाहीत. प्रत्यक्षात दोघं शेवटची दिसली ती डेकवर. पलंग दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनचा. मला त्या दृश्यात नेहमी शांतपणा दिसायचा. आजी मात्र बट्टीचं पीठ मळता मळता एकदा वर बघून म्हणाली, “भांडन व्हई गयं यासनं.” पुढे कळलं, तो तिला होडीत जा म्हणतो आणि ती ऐकत नाही, असा प्रसंग चित्रितही झाला होता, अंतिम सिनेमातून गाळला. आजीने तो पलंगावरूनच ओळखला होता.

पण माझा खरा जीव त्या वादकांत. डेकवर पळापळ चाललीय आणि हे वाजवताहेत. एक जण कुरकुरतो, कोणी ऐकत तर नाहीये. म्होरक्या वॉलेस हार्टली म्हणतो, जेवणाच्या वेळीही कुठे ऐकतात? शेवटी तो म्हणतो, झालं आता. निरोप घेऊन सगळे पांगतात. हार्टली एकटाच उभा राहतो, व्हायोलिन उचलतो आणि एक प्रार्थनागीत सुरू करतो. गेलेले थबकतात, वळतात, येऊन आपापली जागा घेतात. कोणी काही बोलत नाही. ती आई, ते म्हातारं जोडपं, सगळे मग त्याच सुरांवर दिसतात.

का वळले? कर्तव्य, धैर्य, कलेवरची निष्ठा वगैरे लोक म्हणतात. मला हे शब्द त्या क्षणाला फार ढगळ होतात. आमच्या गल्लीतले आप्पा लग्नाच्या बॅण्डमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. पंगतीत वरण-बट्टीवर तूप पडत असताना मांडवाबाहेर यांचं वाजवणं चालू. ऐकणारं कोणी नाही. हार्टलीच्या त्या वाक्यावर ते एवढे हसले की ठसका लागला. वळण्याबद्दल विचारलं तर म्हणाले, “एकट्याने सूर धरला ना, की तो उघडा पडतो रे. दुसऱ्याच्याने चालवत नाही.” मला हे पटतं. जहाज बुडतंय हे त्या क्षणी त्यांच्या डोक्यात दुसऱ्या क्रमांकावर असेल. पहिला क्रमांक: तो एकटा वाजवतोय, आणि आपण वाद्य घेऊन चाललोय. हे शौर्यापेक्षा लहान आहे, म्हणूनच खरं वाटतं.

प्रत्यक्षात शेवटी नेमकं काय वाजलं यावर वाचलेल्यांचंही एकमत नव्हतं. काहींनी तेच प्रार्थनागीत सांगितलं, तर वायरलेसवाल्या हॅरल्ड ब्राइडने ‘ऑटम’ हे नाव घेतलं. आप्पांना या वादात रस नव्हता. त्यांचा प्रश्न वेगळाच: त्यांची सुपारी कोणाची होती? सांगितलं, लिव्हरपूलच्या एका एजंटामार्फत आले होते, जहाजावर दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर होते, आठही जण गेले. आणि नंतर त्या एजंटाने जॉक ह्यूम नावाच्या एकवीस वर्षांच्या व्हायोलिनवाल्याच्या वडिलांकडे पोराच्या गणवेशाचे राहिलेले पैसे मागितले.

सिनेमातल्या बऱ्याच गोष्टींवर आप्पांचा विश्वास बसला नव्हता. एवढा मोठा लाकडी जिना, हिऱ्याचा तो हार, सगळ्यालाच त्यांनी “हॅट्” म्हणून घेतलं होतं. गणवेशाचं ऐकून मात्र त्यांनी लगेच मान हलवली आणि विचारलं, “टोपीचे वेगळे लावले का?”