कॅमेऱ्याचा भाता बदलताना

जुन्या लाकडी कॅमेऱ्याचा भाता, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधली घड्याघड्यांची नळी, बदलायचा असेल, तर नवा भाता बसून त्यातून फोटो निघेपर्यंत जुना भाता कोणाच्याही हाती सोपवू नये, आणि सोपवणे भागच असेल तर आधी त्याचे प्रत्येक माप वहीत उतरवून घ्यावे. पुढचे सगळे वाचायला ज्यांना सवड नाही, त्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. माझे काम झाले आहे, कॅमेरा उत्तम चालतो आहे, तरीही तो प्रकार आठवला की माझे डोके अजून तापते.

माझा कॅमेरा वागीश्वरी बनावटीचा, हाफ प्लेटचा, म्हणजे पावणेपाच गुणिले साडेसहा इंचांच्या निगेटिव्हचा. बंद झालेल्या एका स्टुडिओच्या माळ्यावरून तो माझ्याकडे आला. लाकूड आणि पितळ ठणठणीत होते, पण अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च ठेवून तो पूर्ण ताणला, तेव्हा घड्यांच्या जवळजवळ प्रत्येक कोपऱ्यातून उजेड डोकावत होता. कातडी भाता बहुधा कोपऱ्यांतच फाटतो, कारण तिथे दोन दिशांच्या घड्या एकमेकींना छेदतात आणि प्रत्येक उघडमिटीला तेच बिंदू दुमडले जातात. अशा भोकांवर फेविकॉलमध्ये काजळी कालवून लेप द्यावा, असा सल्ला बरेच जण देतात. चार-दोन भोकांपुरता तो ठीक आहे, पण लेपाने कातडे कडक होते आणि शेजारीच नवी चीर जाते. माझ्या भात्याची अवस्था त्यापलीकडची होती.

परदेशात मापाप्रमाणे भाते करून देणारे कारागीर आहेत, परंतु त्यांचा दर, टपालखर्च आणि वर सीमाशुल्क एवढे सगळे जमेस धरल्यावर मी तो विचार सोडला आणि आमच्याच भागातल्या एका पेटी, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. हा निर्णय वाटतो तितका वेडा नव्हता. वागीश्वरीचा जन्मच मुळी असा झालेला आहे. केरळमधील अलेप्पी येथे के. करुणाकरन यांच्या वडिलांचे वाद्यदुरुस्तीचे दुकान होते. जो माणूस हार्मोनियमचा भाता नीट करतो त्याला कॅमेऱ्याचाही जमेल, या भरवशावर एका स्टुडिओवाल्याने आपला कॅमेरा त्यांच्याकडे आणला आणि त्यातूनच पुढे १९४०च्या दशकात करुणाकरन यांनी स्वतःचा कॅमेरा घडवला, अशी हकिकत सांगितली जाते. ती मला ठाऊक होती आणि माझ्या पेटीवाल्यांना मी ती मोठ्या उत्साहाने ऐकवलीही. ते म्हणाले, "साहेब, पेटीचा काय आणि कॅमेऱ्याचा काय, भाता तो भाताच. ठेवून जा."

मी ठेवून आलो. गणपती तोंडावर होते, भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्तीला आल्या होत्या, म्हणून गणपती उरकू द्या असे ठरले. गणपती उरकले, तर घटस्थापना आली. दसरा झाल्यावर दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांच्या पेट्या आल्या आणि तुळशीच्या लग्नापाठोपाठ त्यांच्या मेव्हण्याचे लग्न निघाले. ही कारणे खोटी नव्हती, आणि म्हणूनच त्यांच्यावर रागावताही येत नव्हते. फोन केला की "सोमवारी या" असे गोड उत्तर मिळे. सोमवारी गेले की दुकानाच्या फळीवर माझ्या कॅमेऱ्याच्या, भाता ज्यांना चिकटतो त्या, दोन्ही चौकटी जशाच्या तशा पडलेल्या दिसत, फक्त त्यांच्यावरची धूळ वाढलेली असे. शेवटी मी एका सकाळी तिथे स्टूल ओढून बसलो आणि काम हाती घेतल्याशिवाय उठणार नाही असे स्पष्ट सांगितले. ज्यांना भिडस्तपणाची सवय आहे त्यांनी हा उपाय जरूर करून पाहावा, चहाही मिळतो.

भाता तयार झाला तो दिसायला देखणा होता. काळे मऊ कातडे, घड्या आखीव, आणि हाताने दाबला तर वारा जराही निसटत नव्हता. अडचण अशी की कॅमेऱ्याला वारा कोंडायचा नसतो, उजेड अडवायचा असतो. पेटीच्या भात्याला हवेचा दाब सहन करावा लागतो, म्हणून त्याची पाने जाड पुठ्ठ्याची आणि रुंद असतात. त्याच सवयीने त्यांनी इथेही २५ मिलिमीटर रुंदीच्या घड्या घातल्या होत्या. मागच्या चौकटीपाशी भात्याचे बाहेरचे माप २०० मिलिमीटर आहे. दोन्ही बाजूंनी २५ मिलिमीटर आत शिरणारी घडी वजा केली, तर आत उरतात १५० मिलिमीटर, आणि हाफ प्लेटची लांब बाजू आहे १६५. साहजिकच पहिल्याच निगेटिव्हच्या दोन्ही टोकांना सावलीची पट्टी आली. शिवाय एकेक पान दोन मिलिमीटरांहून जाड असल्यामुळे भाता पुरता मिटत नव्हता आणि कॅमेऱ्याची पुढची फळी बंद होत नव्हती.

मग मी म्हणालो, जुना भाता परत द्या, त्यावरून घड्यांची रुंदी बघू. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "तो? तो तर कचऱ्यात गेला. त्यात ठेवण्यासारखं काय होतं?"

ठेवण्यासारखे सगळेच त्यात होते. घड्या किती, घड्यांना ताठ ठेवणाऱ्या आतल्या पट्ट्यांची रुंदी किती, दोन पट्ट्यांमधले अंतर किती, कोपऱ्याजवळ पट्ट्यांची टोके कशी तासलेली आहेत, जोड कोणत्या बाजूला आहे, हे सारे त्या फाटक्या कातड्यातच लिहिलेले होते, आणि हा कॅमेरा हाताने बनवलेला असल्यामुळे दुसऱ्या कोणाच्या कॅमेऱ्यावरून ते ताडता येणार नव्हते. वाद घालण्यात अर्थ नव्हता. चौकटी घेऊन मी घरी आलो.

सुदैवाने मागच्या चौकटीच्या आतल्या कडेला सरसाची तपकिरी रेघ राहिली होती, आणि खालच्या बाजूला मधोमध ती दुप्पट जाड झाली होती. म्हणजे जोड तिथे होता. जोड तळाला असावा हे योग्यच, कारण तिथे तो नजरेस पडत नाही. बाकीचा हिशेब मी चौकटींवरून उलटा मांडला. कॅमेरा पूर्ण ताणल्यावर दोन चौकटींमधले अंतर भरले ३४० मिलिमीटर. भाता सपाट ताणला जाऊ नये, त्याच्या कोपऱ्यांवर ओढ येऊ नये, म्हणून कापड चतुर्थांशाने जास्त धरावे लागते, ते झाले ४२५. दर घडीला १४ मिलिमीटर धरले तर तीस पाने बसतात. १४ मिलिमीटरची घडी आत शिरली तरी मागे १७२ मिलिमीटरची मोकळी जागा राहते आणि हाफ प्लेट सुखाने मावते. राहिला प्रश्न जाडीचा. मिटलेल्या कॅमेऱ्यात भात्याला जागा आहे ३५ मिलिमीटर, म्हणजे एका पानाच्या वाट्याला मिलिमीटरहून थोडेसेच अधिक. या एका आकड्याने मला अप्पा बळवंत चौकापासून रविवार पेठेपर्यंत फिरवले. दुकानदार रेक्झिनचे तागे पुढे टाकत आणि मी व्हर्नियर काढून जाडी मोजे, मग कापडाला खालून टॉर्च लावून ते ताणून बघे. बरीच कापडे ताणल्यावर उजेड सोडतात, ही गोष्ट दुकानातच तपासावी. शेवटी ०.३५ मिलिमीटरचे काळे रेक्झिन, पाव मिलिमीटरचे कार्डशीट आणि आतून काळे पातळ सुती अस्तर असा मेळ जमला. तीन थरांचे मिळून पाऊण मिलिमीटर, आणि तीस पानांचे साडेबावीस.

प्रत्यक्ष भाता बनवणे त्यामानाने सोपे निघाले. आधी ड्रॉइंग पेपरचा नमुना करून तो चौकटीत बसवून पाहावा, ही पायरी वगळू नये. कोपऱ्यांचे गणित तिथेच उमगते: वरच्या बाजूला घडी बाहेर येते त्याच ओळीत शेजारच्या बाजूला ती आत जाते, म्हणून पट्ट्यांची टोके एकाआड एक लांब आणि आखूड, तिरकी कापावी लागतात आणि दोन पट्ट्यांमध्ये दीड-दोन मिलिमीटर मोकळे सोडावे लागतात. चिकटवण्यासाठी रबराचे सोल्यूशन वापरावे, कारण पाण्यावर आधारलेल्या फेविकॉलने कार्डशीट फुगते, आणि खळ लावली तर पावसाळ्यात बुरशी व कसर ठरलेली. सोल्यूशन पूर्ण कडक होण्याआधीच घड्या घालाव्यात. मोठ्या तोंडाकडून सुरुवात करून एकेक कोपरा चिमटीत दाबत पुढे जायचे असते, आणि त्यासाठी चार हात लागतात. माझ्या बहिणीने बोलणी खात दोन हात पुरवले. मिटलेला भाता रात्रभर वजनाखाली ठेवला. तो मिटला तेव्हा फळी बंद झाल्याचा जो खट्ट आवाज आला, तो मी बहिणीला मुद्दाम दोनदा ऐकवला.

आधी सांगायचे राहिले: आतले अस्तर चकाकणारे घेऊ नये, नाहीतर आतल्या परावर्तनाने निगेटिव्ह धुरकट येते. सोल्यूशनचा वास पूर्ण जाईपर्यंत फिल्मही आत ठेवू नये. चाचणीसाठी महागड्या फिल्मची गरज नसते. आठ बाय दहा इंचांच्या एक्स-रे फिल्मच्या एका पानातून हाफ प्लेटचे दोन तुकडे निघतात आणि ती लाल दिव्यात हाताळता येते, फक्त दोन्ही अंगांना रसायनाचा थर असल्याने तिला ओरखडे लवकर पडतात. फिल्म भरून, लेन्सवर झाकण ठेवून, डार्क स्लाइड, म्हणजे फिल्मपुढची सरकती झडप, ओढून काढावी आणि कॅमेरा सर्व बाजूंनी काही मिनिटे भर उन्हात फिरवावा. धुतल्यावर फिल्मवर काळा डाग उमटला नाही, तर भाता पक्का आहे.

नवा भाता मऊ असल्यामुळे पूर्ण ताणल्यावर मध्ये झोल खातो आणि निगेटिव्हच्या वरच्या कडेला, म्हणजे फोटोत पायांकडे, सावली पडू शकते, कारण कॅमेऱ्यात चित्र उलटे असते. त्यासाठी मधल्या एका घडीला वरून रेक्झिनची छोटी पट्टी चिकटवून तिच्यातून दोरा ओवावा आणि तो मागच्या चौकटीच्या पितळी कडीला बांधावा. तीस पानांपैकी मागून बारावे पान मला त्यासाठी सोयीचे पडले.