अजिंठ्याच्या 17 नंबर लेणीतून थेट श्रीलंकेत, आईला घेऊन

आम्ही रावेर तालुक्यातले, त्यामुळे अजिंठा म्हणजे शाळेच्या सहलीची ठरलेली जागा. चौथीत गेले, सातवीत गेले, लग्नानंतर पुण्याचे पाहुणे आले की त्यांना घेऊन गेले, फर्दापूरला गाडी लावायची, तिथल्या बसने आत जायचं, पद्मपाणी बघायचा, आडवा झालेला बुद्ध बघायचा, फोटो काढायचे आणि येताना कुठेतरी शेवभाजी खायची. 17 नंबर लेणी मी दहा वेळा तरी पाहिली असेल. पण तिच्या उजव्या भिंतीवर नेमकं काय काढलंय ते मागच्या वर्षी कळलं, एका गाइड काकांनी शांतपणे एकेक भाग समजावून सांगितला तेव्हा.

गोष्ट अशी, की सिंहल नावाचा व्यापारी पाचशे व्यापाऱ्यांना घेऊन समुद्रात निघतो, जहाज फुटतं, सगळे एका बेटावर लागतात आणि तिथल्या सुंदर बायका म्हणजे खरं तर राक्षसिणी असतात. एक उडणारा पांढरा घोडा त्याला तिथून सोडवून आणतो. पुढे तोच सिंहल राजा होतो आणि फौज घेऊन परत त्या बेटावर जातो, आणि ते बेट म्हणजे सिंहलद्वीप, आपली श्रीलंका. भिंतीवर होड्यांमध्ये चक्क हत्ती उभे केलेत! अजिंठा वाघूर नदीच्या काठी, समुद्र कुठल्या कुठे, आणि तिथे कुणीतरी दीड हजार वर्षांपूर्वी लंकेला जाणाऱ्या होड्या रंगवल्या. मला ते डोक्यातून जाईचना. घरी येऊन आईला म्हटलं, आपण जाऊ तिकडे. आई म्हणाली, "मले कशाले नेती, तुमी दोघं जा ना." पण मला तिलाच न्यायचं होतं.

जळगावहून रात्रीच्या गाडीने मुंबई, मुंबईहून कोलंबो विमानाने अडीच तास, बस. आपल्याला मुंबई गाठायला जास्त वेळ लागतो हो. विमानतळावरून एक व्हॅन सांगितली होती, ड्रायव्हर चाळिशीचा असेल, आईला पहिल्या मिनिटापासून "अम्मे" म्हणायला लागला आणि आई खूश. सिगिरियाच्या वाटेवर मी त्याला आपल्या लेणीतली गोष्ट सांगितली तर तो म्हणे आमच्याकडे ती वेगळी आहे, आमचा राजा विजय, तो भारतातून जहाजाने आला तेव्हा त्याला कुवेणी नावाची यक्षिणी भेटली, झाडाखाली बसून सूत कातत होती. हे 'महावंस' या त्यांच्या जुन्या ग्रंथात आहे. मी आईला मराठीत सांगितलं तर तिला राक्षसीण वगैरे काही वाटलंच नाही, तिने एवढंच विचारलं की तिकडे कापूस होतो का. कापसाच्या मुलखातली बाई दुसरं काय विचारणार.

सिगिरिया म्हणजे सपाट जंगलात एकदम उभा राहिलेला खडक, आजूबाजूच्या जमिनीपासून 180 मीटर वगैरे उंच. कश्यप नावाच्या राजाने (इ.स. 477 ते 495) त्यावर राजधानी केली. आता हे वर्ष बघा आणि आपल्याकडच्या वाकाटक घराण्यातला राजा हरिषेण आठवा, अजिंठ्याची ही सगळी गाजलेली लेणी कोरली-रंगवली जात होती ती त्याच पाचव्या शतकात! म्हणजे इकडे आपल्या डोंगरात कुणी भिंतीला माती-भुशाचा गिलावा देऊन वर रंग लावत होतं त्याच सुमारास तिकडे कुणीतरी अशाच कातळावर चित्रं काढत होतं. तिकीट काढताना पासपोर्ट दाखवा, सार्क देशांच्या (म्हणजे भारतासारख्या शेजारी देशांच्या) लोकांना कमी पडतं. आणि सकाळी सातलाच चढायला लागा, पायऱ्या 1200 च्या आसपास आहेत, ऊन वर आलं की खडक तापतो. आपण मे महिन्यात भुसावळ बघितलेले लोक, पण तिकडची दमट गरमी वेगळी असते.

चित्रं खडकाच्या मध्यावर एका खोबणीत आहेत, लोखंडी गोल जिन्याने वर जावं लागतं, आत फोटोला बंदी. आणि ते एका दृष्टीने बरंच आहे, सगळे नुसते बघत उभे असतात. ढगातून कमरेपर्यंत वर आलेल्या बायका, कुणाच्या हातात फूल, कुणाच्या हातात फुलांचं तबक, एक गोरी तर तिच्या शेजारची सावळी. डोळे अर्धे मिटलेले, मान किंचित कललेली. आई कठड्याला धरून श्वास घेत होती, तिने वर बघितलं आणि म्हणाली, "माय वं, हे तं आपल्या लेणीतलंच हाये." मी काही सांगितलं नव्हतं तिला. तीच मान, तीच बोटं. फरक मला एक जाणवला, अजिंठ्यात तो निळा आहे ना, दूर अफगाणिस्तानातल्या दगडाचा, तो इथे कुठे दिसला नाही, सगळं पिवळं, तांबडं, हिरवट. एका बाईचा हात चित्रकाराने आधी एका जागी काढला आणि मग मन बदलून दुसरीकडे काढला, त्या जुन्या हाताची रेघ अजून दिसते. त्या रेघेपाशी मी फार वेळ उभी होते. दीड हजार वर्षांपूर्वी कुणाचं तरी चुकलं, त्याने सुधारलं, आणि ते आपल्याला दिसतंय.

खाली आलं की आरशाची भिंत लागते, चुन्याने घोटून गुळगुळीत केलेली. तिच्यावर बाराशे वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या लोकांनी त्या बायकांवर कविता कोरून ठेवल्यात. सेनरत परणवितान नावाच्या अभ्यासकाने त्यातल्या 685 वाचून छापल्या. मला लगेच आपली 10 नंबर लेणी आठवली, तिथे 1819 मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथने चित्रावर स्वतःचं नाव कोरलंय. लोकांनी भिंतीवर खरडलेलं मला अजिबात आवडत नाही, पण इथल्यांनी निदान चित्राबद्दल लिहिलं, नुसतं आपलं नाव नाही. वरच्या जिन्याच्या तोंडाशी सिंहाचे मोठे पंजे आहेत, तिथपर्यंत आई आली, पुढचा शेवटचा उभा जिना मी एकटीने चढले.

दांबुल्लाचं गुहामंदिर धावतंच झालं, पाच गुहा, त्यातल्या पहिलीत 14 मीटरचा निजलेला बुद्ध, अजिंठ्याच्या 26 नंबर लेणीतल्याच्या दुप्पट. कँडीबद्दल काही लिहीत नाही, पावसाने आम्हाला रूममधून बाहेर पडू दिलं नाही.

आता खरं सांगायचंय ते अनुराधापूरचं, म्हणजे त्यांच्या जुन्या राजधानीचं. तारखा काढताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं की ज्येष्ठ पौर्णिमा मध्ये येतेय. आपली वटपौर्णिमा, आणि तिकडे तो पोसोन, म्हणजे सम्राट अशोकाचा मुलगा महिंद जवळच्याच मिहिंतले डोंगरावर बुद्धाचा धम्म घेऊन आला तो दिवस. तिकडे प्रत्येक पौर्णिमेला सुट्टी असते, पोया म्हणतात, दारू-मटण सगळं बंद, पण पोसोनला अनुराधापुरात पांढऱ्या कपड्यातल्या माणसांचा नुसता समुद्र असतो. आम्ही बुक केलेल्या गेस्ट हाऊसवाल्याने ऐनवेळी रूम दुसऱ्या कुणालातरी देऊन टाकली. रात्रीचे नऊ, आईचा उद्या उपास, मी रडकुंडीला आले. ड्रायव्हरने एक फोन केला आणि सरळ गावाबाहेर राहणाऱ्या त्याच्या बहिणीच्या घरी नेलं.

सकाळी बोधिवृक्षाला गेलो. अशोकाची मुलगी संघमित्रा हिने आणलेल्या फांदीचा हा पिंपळ, दोन हजारांहून जास्त वर्षांचा, सोनेरी कठड्यात, फांद्यांना खालून टेकू दिलेले. लोक कमळं वाहत होते, पाण्याचे घडे घेऊन फिरत होते, एवढ्या गर्दीत धक्काबुक्की नाही. रस्त्यावर जागोजागी दन्सल, म्हणजे आपल्याकडच्या भंडाऱ्यासारखं, पोरं रस्त्यात उभी राहून गाड्या थांबवतात आणि जेवूनच जा म्हणतात. मी भात-डाळ-फणसाची भाजी पोटभर खाल्ली. आईला उपास म्हणून त्या पोरांनी धावत जाऊन केळ्यांची फणी आणली. केळ्याला ते केसेल म्हणतात आणि ती जात होती आंबुल, म्हणजे आंबट! बोटभर लांबीची, आंबटगोड. आमच्या घरी केळीची मृगबाग-कांदेबाग अशी दोन्ही हंगामांची लागवड असते, निसवणीपासून (घड बाहेर पडतो तेव्हापासून) कापणीपर्यंत आईचा हात असतो, तिने साल काढली, वास घेतला आणि म्हणाली, "झाडावर पिकेल हाये हे." आपला माल हिरवा कापून ट्रकात भरतात, त्यामुळे असं पिकलेलं केळं आमच्याच घरी फारसं खाल्लं जात नाही.

पण आईचं मन दुसरीकडेच होतं. बोधिवृक्षाला दोरा गुंडाळता येत नाही, तो पिंपळ, आणि कठड्याच्या आत कुणाला सोडतही नाहीत. "वडाले दोरा न्हाई तं उपास सोडू कशी?" पिशवीत तिने सावद्याहून सुताची गुंडी आणली होती, मला न सांगता. मी ड्रायव्हरला फोनवर वडाचा फोटो दाखवला. "नुग!" म्हणाला आणि हसायला लागला, बहिणीच्या घरामागेच होता.

संध्याकाळी आईने त्या वडाला हळदकुंकू लावलं, केळं ठेवलं आणि दोरा घेऊन फिरायला लागली. बहिणीची सासू ओट्यावर बसून बघत होती, तिला काही सांगावं लागलं नाही, ती उठून चाफ्याची फुलं घेऊन आली आणि आईच्या ताटात ठेवली. बहिणीची सात-आठ वर्षांची पोरगी आईच्या मागे मागे फिरत होती आणि प्रत्येक फेरीला मोठ्याने मोजत होती, एकइ, देकइ, तुनइ, हतरइ. आई पण मोजत होती, एक, दोन, तीन, चार. पाचव्या फेरीला आई थांबली, पोरीकडे बघितलं आणि विचारलं, "पाचले काय म्हणती?"

"पहइ."

"पहइ," आई म्हणाली, आणि पुढच्या दोन फेऱ्या तिने पोरीच्याच भाषेत मोजल्या.