शंभर एमबीपीएस म्हणजे नेमके किती?

ब्रॉडबँडच्या जाहिरातीतील ‘१०० एमबीपीएस’ हा आकडा मेगाबिटचा असतो, तर संगणकावरील फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये मोजला जातो. आठ बिटांचा एक बाइट होत असल्यामुळे अशा जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात. एक गिगाबाइटच्या फाइलला दीड मिनिटाच्या आसपास वेळ लागला, तर कंपनीला दोष देण्याचे कारण नाही.

‘ब्रॉडबँड’ ही संज्ञासुद्धा स्थिर नाही. भारत सरकारच्या २००४ च्या धोरणात किमान २५६ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट; हजार किलोबिटांचा एक मेगाबिट) वेग असलेल्या जोडणीला ब्रॉडबँड म्हटले होते, पुढे ती मर्यादा ५१२ केबीपीएसवर गेली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली. आजच्या गरजा पाहता हीदेखील मला तोकडीच वाटते.

सर्वांत दुर्लक्षित संज्ञा मात्र लेटन्सीची, म्हणजे माहितीच्या जाण्यायेण्याला लागणाऱ्या वेळेची. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे दहा हजार किलोमीटर लांबीच्या केबलने जोडलेल्या सर्व्हरकडून उत्तर यायला किमान १०० मिलिसेकंद लागणारच, मग तुम्ही कितीही महागडा प्लॅन घ्या. परदेशातील मुलांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना शब्द किंचित उशिरा पोहोचतात, त्यामागे हेही एक कारण आहे. चित्र अडखळत असेल, तर आधी राउटरला लॅन केबल जोडून पाहावे, कारण पुष्कळदा अडचण भिंतींमुळे क्षीण झालेल्या वायफायमध्ये असते.